वंशावळ शोधताना अनोळखी नातेवाइकाला पहिला मेल कसा लिहावा?

भुईकोट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या घराण्याची वंशावळ लावायचं काम बरीच वर्षं चालू आहे. मूळ गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. एक शाखा अक्कलकोटला गेली, एक तुळजापूरकडे, आणि आताची पिढी पुणे, हैदराबाद, अमेरिका अशी पांगलेली. त्यामुळे मेल सतत येत-जात असतात. परवा एक आला. विषयाची जागा रिकामी, आत एकच ओळ: "आमची वंशावळ असेल तर पाठवा, अर्जंट आहे." खाली ना नाव, ना गाव. आडनाव मेल-आयडीवरून ओळखायचं.

असे मेल वाचून मला वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याला खरंच गरज असणार आणि त्याला उत्तर मिळणार नाही. वंशावळीची निम्मी माहिती कागदांत असते, उरलेली माणसांकडे. आणि माणसं अनोळखी माणसाला आजोबा-पणजोबांची नावं सांगतात ती फक्त विश्वासावर. हा विश्वास पहिल्याच मेलात मिळतो किंवा जातो, असं माझं मत आहे.

तुम्ही पहिल्या मेलात काय लिहिता? उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहिता का? आणि हयात माणसांची माहिती किती द्यावी? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

हुरडा
अर्जंट? दोनशे वर्षं थांबलेले पूर्वज अजून दोन दिवस थांबतील की ओ.

बार्शीलाईट
चांगला धागा. सुरुवात विषयाच्या ओळीपासून करतो, कारण तिथेच बहुतेक मेल मार खातात. "वंशावळ", "माहिती हवी", "नमस्कार" असे विषय असलेले मेल माझ्याकडे ढिगाने पडून आहेत. दोन वर्षांनी त्यातला एखादा शोधायचा म्हटलं की सगळे उघडून बघावे लागतात. विषयात एवढं हवं: घराणं, गाव, तालुका, साधारण काळ, आणि काय हवंय. उदाहरणार्थ "बिराजदार, मौजे मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर, १८८० ते १९२०, पणजोबांच्या भावांची नावं". वाचणाऱ्याला मेल न उघडता कळतं की हे आपल्याशी संबंधित आहे की नाही.

नुसतं आडनाव लिहून काहीच होत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख, बिराजदार, चौगुले ही सगळी हुद्द्यावरून आलेली आडनावं. एकाच गावात दोन वेगळ्या समाजांचे बिराजदार असतात आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नसतो. गाव आणि तालुका लिहिलाच पाहिजे. आणि बोलणं पणजोबांवरून सरकून मोडी कागदावर गेलं असेल तर विषय बदला. जुन्याच मेलाला उत्तर देत गेलं की तीन महिन्यांनी कुठलं काय ते कुणालाच सापडत नाही.

शेंगाचटणी
आमच्या गावात अर्धं गाव पाटील आहे. गाव, तालुका लिहूनही चिठ्ठी चुकीच्याच वाड्यात जायची.

बार्शीलाईट
@शेंगाचटणी मग वाड्याचं नाव, भावकीचं नाव लिहा. वरचा वाडा, खालचा वाडा, वेशीजवळचे, जे काय गावात म्हणत असतील ते. म्हाताऱ्या माणसांना तेच पटकन कळतं.

अक्कलकोटची
भुईकोट, तुमचा मुद्दा पूर्ण पटला, पण मी त्याच्या आधीचं एक सांगते. विषय कितीही नेटका असू द्या, वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न एकच येतो: याला आमची वंशावळ कशाला हवी?

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की लोकांना आधी जमीन आठवते. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तेव्हापासून कुणी सगळ्या भावंडांची, आत्यांची नावं विचारली की घरात कुजबूज सुरू होते. आमच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंना असाच मेल आला, सगळ्या वारसांची नावं आणि वयं पाठवा म्हणून. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्यांचा मुलगा मेलची प्रिंट घेऊन सरळ वकिलाकडे गेला. आता त्या घरातून पुढची दहा वर्षं कुणाला काही मिळणार नाही.

दुसरं कारण जात पडताळणीचं. तिथे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते पुरावा म्हणून जोडता येतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींचा शोध गावोगाव पोचला. तेव्हापासून चुलत-चुलत भावांचे मेल फार वाढलेत. यात लाजण्यासारखं काही नाही, गरज खरी आहे. पण मग तसं स्पष्ट लिहा. "घराण्याचा इतिहास लिहितोय" असं सांगून आठवड्याने प्रमाणपत्राची झेरॉक्स मागितली की माणूस दुखावतो, आणि त्याच्यानंतर खरोखर इतिहास लिहिणाऱ्याचीही वाट बंद होते.

म्हणून हेतू पहिल्या दोन ओळींत. जमिनीशी, वाटणीशी संबंध नसेल तर तेही साध्या शब्दांत लिहा.

कंबरतलाव
+१. हेतू लपवणं हे सगळ्यात वाईट.

जुनीगिरणी
माझं मत वेगळं आहे. मेल, व्हॉट्सॲप हे सगळं पोरांचं झालं. ज्याच्याकडे माहिती आहे तो ऐंशीच्या पुढचा, त्याला मेल उघडता येत नाही. वंशावळ घरी जाऊन, चहा पिऊन, तासभर बसून मिळते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सगळी भावकी सोलापुरात येते, सिद्धेश्वराला येतेच येते. तेव्हा गाठा. सहा महिन्यांचे मेल एका बैठकीत उरकतात.

विणकर_पूर्वभाग
@जुनीगिरणी काका, तुमचं खरं आहे, पण ज्यांचं मूळ लांब आहे त्यांनी काय करायचं? आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर. आजोबांचे वडील करीमनगरकडून मागावर काम करायला सोलापुरात आले. तिकडे राहिलेल्या शाखेला आम्ही ओळखत नव्हतो, त्यांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. मेलशिवाय सुरुवातच झाली नसती.

आमच्याकडे शोध घ्यायचा तर घराचं नाव आणि गोत्र दोन्ही द्यावं लागतं, नाहीतर कुठल्या शाखेचे ते समजत नाही. सोलापुरात कागदोपत्री आडनाव म्हणून एक लागलं, तिकडे तेच घराणं वेगळ्या पद्धतीने नाव लिहितं. म्हणून मी मेलात आजोबांचं नाव इथल्या शाळेच्या दाखल्यावर जसं आहे तसं दिलं, आणि घरात तेलुगूत जसं म्हणायचे तसंही. मेल वर तेलुगूत, खाली इंग्रजीत. समोरचा माणूस मशीनवर भाषांतर करून वाचणार हे गृहीत धरून वाक्यं लहान ठेवली. एका वाक्यात एकच नातं. "माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांच्या" असं लिहिलं तर कुठल्याही भाषेत गोंधळच.

उत्तर यायला वेळ लागला, पण आलं, आणि सोबत तिथल्या जुन्या घराचा फोटो आला.

जुनीगिरणी
@विणकर_पूर्वभाग तसं असेल तर मेल बरोबर. माझं म्हणणं गावातल्या गावात असलेल्यांपुरतं. आणि आमच्या गिरणीत तुमच्या बाजूचे खूप लोक होते, त्यांची मुलं आजही भेटतात.

मोडीप्रेमी
जोडपत्रांबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे मोडी वाचून द्या म्हणून रोज कागद येतात आणि मला हे काम मनापासून आवडतं.

कागदाचा फोटो पूर्ण पानाचा हवा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. लोक आपल्या पूर्वजाच्या नावापुरता तुकडा कापून पाठवतात. तारीख वर असते, शिक्का कडेला असतो, गावाचं नाव मागच्या पानावर असतं. तुकड्यावरून मी काय सांगणार? फाइलला नाव द्या: गाव, कागदाचा प्रकार, साल, पान. "आयएमजी" आणि पुढे आकडे अशा नावाच्या चाळीस फाइली आल्या की क्रम कुणालाच लागत नाही. जीमेलवर एका मेलात २५ एमबीपर्यंतच जातं, त्याहून जास्त असेल तर ड्राइव्हची लिंक द्या आणि ती उघडण्याची परवानगी चालू आहे का ते स्वतः तपासा.

कागद कुठून मिळाला हे लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. तहसीलमधला फेरफार, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, शाळेचं जनरल रजिस्टर, पुण्याचं पेशवे दप्तर, की घरातल्या पेटीतला कागद? प्रत्येकाचं वजन वेगळं. कोतवाल बुकातली जन्माची नोंद त्याच काळात झालेली असते. आजोबांनी सत्तरीत सांगितलेलं साल अंदाजाचं असतं. दोन्ही उपयोगी, पण एकाच रांगेत ठेवू नयेत.

तारखांची गडबड तर फारच. सोलापूर आणि बार्शी इंग्रजांकडे, अक्कलकोट संस्थान वेगळं, आणि इथून जेमतेम दीड तासावरचं तुळजापूर निजामाच्या राज्यात. तुळजापूरकडच्या जुन्या कागदांवर फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, असतं. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या पुढच्या भागासाठी ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. शके असेल तर ७८ मिळवा, पौष-माघाकडे ७९. पण मेलात मूळ आकडा जसाच्या तसा लिहा आणि तुमचा हिशेब शेजारी वेगळा लिहा. एकाने फसली साल गाळून थेट इसवी सन लिहिलं, दुसऱ्याने ते खरं मानून पुढे पाठवलं, आणि आता तीन शाखांच्या वंशावळीत बाप मुलापेक्षा लहान आहे.

शेवटचं. एका वेळी एक पान पाठवा. साठ पानांचं बाड पाठवून "आज संध्याकाळपर्यंत वाचून द्या" म्हणू नका.

हुरडा
बाप मुलापेक्षा लहान! हे नोटरी करून घ्यायला हवं.

शेंगाचटणी
मेलचं सगळं ठीक, पण हेळव्यांचं, म्हणजे दारोदार घराण्यांची नावं सांगणाऱ्यांचं काय? आमच्या आजोळी अजून हेळवी येतात. त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं म्हणतात.

सीनाकाठ
@शेंगाचटणी असतं, मी ऐकलंय. लहानपणी आमच्या दारात हेळवी यायचा, बैलावर बसून. पहाटेच घराण्याची नावं म्हणायला लागायचा, मूळ पुरुषापासून. कुठून आलो, कुठल्या गावात किती पिढ्या राहिलो, कुणाची शाखा कुठे गेली, सगळं. मग घरातून धान्य, कपडा, पैसे. नव्या जन्मलेल्या मुलांची नावं तो लिहून घ्यायचा. उत्तर कर्नाटक आणि आपला दक्षिण भाग इथे हे चालत आलंय. पंढरपूरचे क्षेत्रोपाध्ये, त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यांच्याही वह्या आहेत, तिथे आलेल्या यात्रेकरूंची नावं, कधी त्यांचंच हस्ताक्षर आणि सही.

या धाग्याशी संबंध असा की अशा वहीचा फोटो मिळाला की लोक तो दहा जणांना मेल करतात. माझी कळकळीची विनंती, आधी त्यांना विचारा. ती वही त्यांच्या पोटापाण्याची आहे. आपल्या पानाचा फोटो आपल्याकडे ठेवू द्या म्हणून विचारलं तर बरेच जण देतात, योग्य दक्षिणा दिली तर आनंदाने देतात. पण अख्खी वही इंटरनेटवर टाकणं वेगळं.

कंबरतलाव
@सीनाकाठ इथे मी असहमत. ती नावं आमच्या घराण्याची आहेत, पूर्वज आमचे. उद्या वही वाळवीने खाल्ली तर? स्कॅन होऊन सगळ्यांना मिळालं पाहिजे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म परदेशी संस्थेने काढली, म्हणून आज त्या लांबून बघता येतात.

सीनाकाठ
जतन झालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ते त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावासह. नावं आपली असली तरी चारशे वर्षं लिहून ठेवण्याचे कष्ट त्यांचे आहेत.

कंबरतलाव
नावासह, हे मान्य.

जुळेसोलापूर
श्रेयावरून आठवलं. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी सायकलवर गावोगाव फिरून आमच्या घराण्याचा तक्ता तयार केला होता. त्यांनी तो मेलवर मोकळ्या मनाने सगळ्यांना दिला. पुढे तोच तक्ता एका छापील पुस्तिकेत आला, त्यांचं नाव कुठेही नव्हतं. ते गेले तेव्हा ती पुस्तिका त्यांच्या उशाशी होती आणि त्यांनी पेनने स्वतःचं नाव मागच्या पानावर लिहिलं होतं. मंडळी, ज्याने दिलं त्याचं नाव प्रत्येक पुढच्या मेलात लिहा. एक ओळ लागते.

आता हयात माणसांबद्दल. मी बँकेत काम करतो. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख विचारून आजही अनेक ठिकाणी ओळख पटवतात. वंशावळीत या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत असतात, सोबत मोबाइल नंबर असला तर चोराला वेगळं काही करावं लागत नाही. माझा नियम: हयात व्यक्तीची जन्मतारीख, पत्ता, नंबर सामूहिक मेलात कधीही नाही. नुसतं "दोन मुलगे, एक मुलगी, पुण्यात" एवढं पुरे. आणि पन्नास जणांना मेल पाठवताना पत्ते बीसीसीत टाका, नाहीतर सगळ्यांचे आयडी सगळ्यांना जातात.

अक्कलकोटची
@जुळेसोलापूर, तुमचं वाचून डोळे भरून आले. त्यांच्या कष्टांना नमस्कार.

पण "एक मुलगी" यावर बोलते. आपल्या वंशावळींत बायका आधीच नाहीत. आठ पिढ्यांचे पुरुष मोत्यासारखे ओळीत आणि एकाही आईचं नाव नाही, असे तक्ते मी पाहिलेत. गोपनीयतेच्या नावाखाली आताच्या मुलीही पुसल्या जाऊ नयेत. निधन झालेल्या स्त्रियांची नावं पूर्ण लिहा: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव. हयात असतील तर त्यांनाच विचारा, त्यांच्या नवऱ्याला किंवा भावाला नको. मी मेलात मुद्दाम वेगळी ओळ घालते: "आजीचं माहेरचं नाव आणि गाव आठवत असेल तर जरूर कळवा." याच ओळीला सगळ्यात लांब उत्तरं येतात. बायका माहेरच्या आठवणी लिहिताना थांबत नाहीत, आणि त्यातून एक अख्खं दुसरं घराणं सापडतं.

जुळेसोलापूर
@अक्कलकोटची ताई, बरोबर. विचारून नाव घालायचं, तारीख आणि नंबर मात्र नाही. हे दोघांनाही चालेल.

शेंगाचटणी
एक खरा किस्सा. नात्यातल्या एकाने सामूहिक मेलात आमच्या अण्णांच्या नावापुढे "कै." लावलं. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी नातवाकडून उत्तर टाइप करून घेतलं: "मी अजून आहे. माहिती हवी असेल तर लवकर या."

हुरडा
अण्णांना दंडवत.

मोडीप्रेमी
खात्री नसेल तर काहीच लावू नये. आणि लावायचं तर त्या घरात जे चालतं ते. आपल्याकडे लिंगायत घरात "लिं." (लिंगैक्य), वारकऱ्यांकडे "वै." (वैकुंठवासी), मुस्लिम घरात "मरहूम". सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांची, सगळ्या समाजांची घरं एका गल्लीत, हे कळायला अवघड नाही.

सीनाकाठ
नाजूक गोष्टींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुने फेरफार वाचले की दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेला भाऊ, हे सगळं समोर येतं. काही वेळा त्या घरातल्या आजच्या माणसांना ते माहीतही नसतं. असं सापडलं तर ते सगळ्यांच्या मेलात टाकू नका. त्या शाखेतल्या एका समंजस माणसाला एकट्याला लिहा, कागद जोडा, आणि पुढे काय करायचं ते त्याला ठरवू द्या. कुणाच्या तक्त्यात चूक दिसली तरी हेच. आधी त्याला एकट्याला. सगळ्यांसमोर खोडून काढलं तर तो चूक दुरुस्त करणार नाही, तुमच्याशी बोलणं बंद करेल.

भुईकोट
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा एवढा भरेल असं वाटलं नव्हतं. माझा एक प्रश्न मात्र राहिला, उत्तर नाही आलं तर?

विणकर_पूर्वभाग
मी महिनाभर थांबतो, मग एकदाच लिहितो. दुसऱ्या मेलात "उत्तर का दिलं नाही" असं नाही लिहीत. काहीतरी नवीन सापडलेलं देतो, एखादं नाव, एखादा फोटो. त्यांना आपल्याकडून काही मिळालं की तेही शोधायला लागतात. त्यानंतरही शांतता असेल तर सोडून देतो. नको असण्याचाही त्यांचा हक्क आहे.

जुनीगिरणी
किंवा पोस्टाने पत्र. आंतरदेशीय. म्हातारी माणसं अजून उघडतात.

अक्कलकोटची
वरचं सगळं वाचून एक मसुदा केला. बदल सुचवा.

"विषय: बिराजदार, मंद्रूप (खालचा वाडा), १८८० ते १९२०, पणजोबांच्या भावांची नावं

सप्रेम नमस्कार. मी अमुक, राहणार सोलापूर. माझे पणजोबा अमुक, मंद्रूपचे. आपला पत्ता मला अमुक यांनी दिला. मी घराण्याची वंशावळ लिहीत आहे. जमीन, वाटणी किंवा कुठल्याही दाव्याशी याचा संबंध नाही.

माझ्याकडे आहे ते: पणजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरमधून, त्यांच्या वडिलांचं नाव कोतवाल बुकातून. दोन्हीचे फोटो जोडले आहेत. पणजोबांना दोन भाऊ होते असं घरात ऐकलं, कागद नाही.

आपल्याकडून एकच विनंती: त्या दोन भावांची नावं आणि त्यांच्या आईचं माहेर माहीत असेल तर कळवावं. आपण दिलेली माहिती आपल्या नावासह नोंदवीन आणि आपल्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. सवड होईल तेव्हा लिहा. फोन चालणार असेल तर वेळ सांगा."

बार्शीलाईट
उत्तम. "आपला पत्ता अमुक यांनी दिला" ही ओळ फार मोलाची. फक्त ती देण्याआधी त्या अमुकांना विचारलेलं असावं.

मोडीप्रेमी
"घरात ऐकलं, कागद नाही" हे वाक्य प्रत्येकाने वापरावं.

सीनाकाठ
गोत्र, कुलदैवत पहिल्या मेलात विचारलं नाही हे छान केलंत. ते दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात आपोआप येतं.

विणकर_पूर्वभाग
याचा तेलुगू मजकूर मी करून टाकतो, नावांच्या जागा मोकळ्या ठेवून. सोलापूरच्या पूर्वभागातल्या बऱ्याच जणांना लागेल. कन्नड कुणी करेल का?

अक्कलकोटची
कन्नड माझ्याकडे. रविवारपर्यंत इथेच देते.

भुईकोट
तिन्ही भाषांतले मसुदे आले की पहिल्या पोस्टमध्ये वर जोडतो, ज्यांनी केले त्यांच्या नावासह. उर्दूसाठी एका मित्राला विचारतोय. आणि त्या "अर्जंट" मेलवाल्यांना आज उत्तर दिलं: गाव, आजोबांचं नाव आणि कशासाठी हवंय ते कळवा, माझ्याकडे असेल ते सगळं देतो.